ठेंगण्या, बारमाही गुलाबाचा मागोवा

गुडघ्या-कमरेएवढी उंची, भरगच्च झुडूप आणि वर्षभर थोड्याथोड्या अंतराने येणारी फुले हे घरच्या बागेतल्या गुलाबाचे आजचे परिचित रूप. ते घडायला दोनशेहून अधिक वर्षे लागली. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातले बहुतेक गुलाब उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदाच फुलत आणि उरलेला हंगाम लांब फांद्या वाढवण्यात घालवत. पुन्हा थोडा बहर देणारे शरद दमास्कसारखे गुलाब अपवादानेच आढळत.

चीनमधल्या बागांत मात्र पुन्हापुन्हा फुलणारे, ठेंगणे गुलाब पूर्वीपासून जोपासले जात होते. त्यांपैकी ‘स्लेटर्स क्रिमझन चायना’ आणि पुढे ‘ओल्ड ब्लश’ नावाने ओळखला गेलेला ‘पार्सन्स पिंक चायना’ हे दोन गुलाब १७९० च्या सुमारास इंग्लंडमधल्या बागांत आले. अशा रोपांच्या प्रवासात कोलकाता हा महत्त्वाचा टप्पा होता, म्हणून फ्रान्समध्ये चिनी गुलाबाला ‘बंगाल गुलाब’ म्हणत. पुढच्या जवळजवळ सगळ्या बारमाही जातींत याच गुलाबांचा वारसा आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या संकरकारांचे लक्ष आधी फुलाच्या आकाराकडे लागले होते. १८६७ च्या ‘ला फ्रान्स’पासून हायब्रिड टी या वर्गाची सुरुवात मानली जाते. त्याचे एकेकटे, मोठे फूल फुलदाणीत शोभते. झुडूप मात्र उंच आणि विरळ राहते. छोट्या वाफ्याला हवे होते ते रूप फ्रान्समधल्या लियाँ येथे गियो यांच्या रोपवाटिकेत मिळाले. जपानकडचा, घोसाने फुलणारा रानगुलाब आणि चिनी वारसा यांच्या मिलाफातून १८७५ साली त्यांनी ‘पाक्रेत’ हा पांढऱ्या फुलांचा ठेंगणा गुलाब आणला. इथून पॉलिअँथा वर्ग सुरू झाला.

डेन्मार्कमधल्या पोल्सेन कुटुंबाने पॉलिअँथाचा हायब्रिड टीशी संकर केला. उत्तरेकडची थंडी सोसणारे आणि तरीही मोठ्या फुलांचे घोस देणारे झुडूप त्यांना हवे होते. १९२४ चा ‘एल्से पोल्सेन’ हे त्याचे ठळक फळ. या वर्गाला पुढे अमेरिकेत फ्लोरिबंडा हे नाव मिळाले. जर्मनीच्या कोर्डेस यांचा १९५८ चा पांढरा ‘आइसबर्ग’ आजही जगभर लावला जातो. याच काळात मिनिएचर गुलाबही घडत होते. स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात खिडकीतल्या कुंड्यांमध्ये आढळलेल्या ‘रूलेटी’पासून त्यांची आधुनिक परंपरा सुरू झाली आणि कॅलिफोर्नियात राल्फ मूर यांनी ती अनेक दशके वाढवली.

भारतात या कामाला डॉ. बी. पी. पाल यांनी दिशा दिली. गव्हाच्या तांबेरा-प्रतिकारक वाणांवर काम करणाऱ्या या शास्त्रज्ञाने ‘दिल्ली प्रिन्सेस’ आणि ‘बंजारन’ असे फ्लोरिबंडा निर्माण केले. इथल्या उन्हात टिकतील अशा गुलाबांची त्यामुळे स्वतंत्र परंपरा उभी राहिली.

ठेंगणेपणा आणि सतत फुलणे हे दोन गुण बहुधा जोडीने का येतात, याचे उत्तर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दिले. एकदाच फुलणाऱ्या गुलाबात ‘केएसएन’ हे जनुक वसंतातल्या बहरानंतर नव्या फुटव्यांना फुलण्यापासून रोखते. फुटवे लांबत जातात. चिनी गुलाबात या जनुकात डीएनएचा एक तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे हा लगाम सुटतो. प्रत्येक फुटवा लवकरच कळीवर संपतो, म्हणून झुडूप आटोपशीर राहते. ‘ओल्ड ब्लश’च्या वेली रूपात हा तुकडा बऱ्याच अंशी निघून गेलेला आढळतो, ते रूप लांब वाढते आणि एकदाच फुलते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस भर रोगप्रतिकारावर आला. अमेरिकेत विल्यम रॅडलर यांनी तयार केलेला ‘नॉक आउट’ २००० साली बाजारात आला. पानांवरच्या काळ्या ठिपक्यांचा रोग त्याला सहसा छळत नाही.

महाराष्ट्रात थंडी सौम्य असल्याने गुलाबाला युरोपासारखी पूर्ण विश्रांती मिळत नाही आणि बारमाही गुण इथे खरोखर वर्षभर दिसू शकतो. त्यासाठी पाच-सहा तास ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा हवा. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, छाटणी केली की साधारण दीड महिन्यात मोठा बहर येतो. सुकलेली फुले वेळेवर काढावीत. तशीच राहिली तर झाडाची शक्ती फळ धरण्यात जाते. डोळा भरलेल्या कलमात जोडाखालून येणारे फुटवे खुंटाचे, म्हणजे रानगुलाबाचे असतात. ते मुळाशीच काढले नाहीत तर रानगुलाब जोर धरतो आणि वरचे निवडक वाण हळूहळू मरते.