तरुण बापाला बाळाजवळ येऊ द्या

बाळंतपण हा आपल्याकडे पूर्वापार स्त्रियांचा विषय मानला गेला आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते. तेथे आई आणि आजी सर्व पाहतात. बाळाचा बाप पाहुण्यासारखा येतो आणि परततो. तो स्वतःच वीस वर्षांचा असेल, तर त्याला कोणी काही विचारतही नाही. वर्धा जिल्ह्यात रुग्ण तपासताना मी हे नेहमी पाहतो. सून आणि सासू आत येतात, मुलगा बाहेर मोटारसायकलजवळ थांबतो.

मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण होण्यापूर्वी विवाह करणे कायद्याने निषिद्ध आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाला होता. असे विवाह रोखणे हाच मूळ उपाय होय. त्यासाठी १०९८ या क्रमांकावर कळविता येते. परंतु बाळ जन्मास आल्यावर त्याच्या संगोपनाचा प्रश्न उरतोच.

कोवळ्या वयातील मातेस रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोका अधिक असतो. तिचे बाळ अनेकदा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असते. अशा बाळाला ऊब आणि मातेला विश्रांती, दोन्ही एकाच वेळी लागतात. एकट्या मुलीकडून हे निभत नाही.

बापाने काय करावे?

कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरण्याच्या पद्धतीस ‘कांगारू मातृसेवा’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना अशा बाळांसाठी दिवसाचे ८ ते २४ तास ही सेवा देण्याची शिफारस करते. माता थकल्यावर बापही बाळाला असेच धरू शकतो. ऊब त्याच्या छातीलाही असते. स्तनपान तेवढे मातेने करावे. लंगोट बदलणे, रात्री बाळाला खांद्यावर घेणे, पाणी भरणे ही कामे बापाची.

प्रसूतीनंतर १८० दिवस मातेने लोहाची गोळी घ्यावयाची असते; ती रोज आठवणीने देणे त्याच्याकडे सोपवावे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीकरणास त्याने सोबत जावे. आशाताई गृहभेटीस येतात, तेव्हा त्यानेही जवळ बसून ऐकावे. पुढील गर्भधारणेपूर्वी किमान दोन वर्षांचे अंतर राखण्याची जबाबदारी दोघांची आहे.

बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार लागले, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले अथवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर घरगुती उपाय करीत न बसता १०८ वर दूरध्वनी करावा. बाळाला वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्यावे. ही लक्षणे बापाला ठाऊक असली, तर निर्णयासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही.

आजी-आजोबांना विनंती

‘हे पुरुषाचे काम नव्हे’ हे वाक्य बहुधा आपल्याच तोंडून निघते आणि तरुण बाप मागे सरतो. त्याचे हात अवघडलेले असतील. मान कशी सावरावी, हे आपण त्याला दाखवावे. चुकल्यास हसू नये. सून सतत रडत असेल, जेवत नसेल किंवा बाळाकडे पाहत नसेल, तर तो आजार असू शकतो. तिला दोष न देता डॉक्टरांकडे न्यावे. माहेरच्या मंडळींनीही जावयाला भेटीपुरते न बोलावता चार दिवस राहू द्यावे, आणि त्या दिवसांत बाळ त्याच्या हाती द्यावे.