आकड्यांच्या वाटा (भाग ६) : आधी कोणाला काढायचं?

मागच्या भागात पाहिलेली डँटझिग यांची १९४७ सालची सिम्प्लेक्स पद्धत अटींनी आखलेल्या आकृतीच्या कडेकडेने, कोपऱ्यामागून कोपरा घेत चालते. व्यवहारात ती झपाट्याने उत्तर काढते. पण १९७२ साली क्ली आणि मिंटी यांनी तिला अडवणारं उदाहरणच रचलं. त्यात ३० चलं घेतली, तर तिला १०७ कोटींहून अधिक कोपरे फिरावे लागतात.

नरेंद्र करमरकर कडेने गेलेच नाहीत. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले करमरकर तेव्हा अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये होते. १९८४ साली त्यांनी वॉशिंग्टनच्या परिषदेत आकृतीच्या पोटातून जाणारी वाट मांडली. नोव्हेंबरात ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. आपला ऊर भरून यावा अशीच ही गोष्ट आहे. मात्र या वाटेवर खरे कष्ट कुठे पडतात, हे सहसा कुणी सांगत नाही.

आतून जाताना पावलं थोडी पडतात, बहुधा काही डझन. पण प्रत्येक पावलाला समीकरणांचा एक भला मोठा संच सोडवावा लागतो. सगळा वेळ तिथेच जातो. तो वाचवण्याची युक्ती मला या विषयातली सर्वांत देखणी वाटते.

समजा, हजार अज्ञातं आहेत. त्यांतलं एक बाकी सगळ्यांशी जोडलेलं आहे, आणि उरलेल्या ९९९ जणांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मॅट्रिक्समध्ये शून्यंच शून्यं. आता ते सगळ्यांशी जोडलेलं अज्ञात आधी काढलं, तर जाता जाता ते उरलेल्या प्रत्येकाला प्रत्येकाशी बांधून जातं. शून्यांच्या जागी आकडे उभे राहतात आणि संगणकाला ५,००,५०० आकडे सांभाळावे लागतात. तेच अज्ञात शेवटी काढा : फक्त १,९९९! गणित तेच, उत्तर तेच, बदलला तो केवळ क्रम.

करमरकरांच्या वाटेवर तर ही युक्ती आणखी फळते. पावलागणिक मॅट्रिक्समधले आकडे बदलतात, शून्यांच्या जागा मात्र बदलत नाहीत. म्हणून चांगला क्रम एकदाच शोधायचा आणि शेवटपर्यंत वापरायचा.

अशी समीकरणं फोडण्याची रीत आंद्रे-लुई शोलेस्की या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याची. भूमापनाचे हिशेब सोडवताना त्याने ती बसवली. ऑगस्ट १९१८ मध्ये तो पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याची रीत छापून आली १९२४ साली.

पुढच्या भागाआधी वहीत पाच अज्ञातांचं असंच उदाहरण मांडा आणि दोन्ही क्रमांनी सोडवून पाहा. कुठलं शून्य कधी भरलं, तेवढी खूण करून ठेवा. तिथूनच पुढे जाऊ.