घर उक्ते देताय? आधी कागद करा

ऊस कारखान्याला गेला, चार पैसे हाती आले, की घर बांधायचे मनात येते. गवंडी बहुधा ओळखीचा, नाहीतर पाहुण्यांनी सांगितलेला. फुटाचा भाव ठरतो, नारळ फुटतो, कुदळ पडते. कागद मात्र होत नाही. घरच्या माणसाशी कसला कागद? मग पहिल्याच पावसात स्लॅब गळू लागला, की हेच घरचे माणूस तोंड चुकवते.

तोंडी करारही करारच असतो; १८७२ चा करार कायदा तो मानतो. अडते ते पुराव्यापाशी. म्हणून लिहून घ्या. फूट मोजताना जिना, सज्जा, ओटा धरायचा की नाही? भांडणे बहुधा इथूनच उठतात. सळई-सिमेंट कोणी आणायचे, स्लॅब किती इंचांचा, काम कधी पुरे व्हायचे? पैसे जोते, लिंटेल, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी द्या आणि दर वेळी सही घ्या. पावसाळा जाईपर्यंत थोडी रक्कम राखायची असेल, तर तेही आधीच ठरवा.

आणखी एक कलम घालाच: स्लॅबवर पाणी कोणी मारायचे? हे काम न सांगता घरच्या बाईच्या गळ्यात पडते, आणि पुढे ठेकेदार म्हणतो, "पाणीच मारले नाही तुम्ही!" राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस ओल लागते. तारखा कॅलेंडरवर मांडून ठेवा.

आता बारीक पण मोलाची गोष्ट. गवंडी रोजाने ठेवून तुम्ही सांगाल तसे काम करवून घेतले, तर ती चाकरी झाली. ग्राहक कायद्यात ती बसत नाही. काम उक्ते दिले, तर ती सेवा. घरबांधणी या कायद्यात १९९३ साली आली आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही आहे. कामात खोट निघाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. कामापोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकीलही द्यावाच लागतो असे नाही. आयोग दुरुस्ती करून द्यायला लावू शकतो, भरपाईही देववतो. मुदत २ वर्षांची आहे. पुढच्या सुगीला बघू म्हणत बसू नका.

आधी ठेकेदाराला पोचपावतीच्या टपालाने नोटीस द्या. गळतीचे फोटो काढा, दुसऱ्या इंजिनिअरचे मत लेखी घ्या. आणि हे सारे वर डांबर ओतण्यापूर्वी. गळती बुजली, की दाखवायला काही उरत नाही.