समुद्रातला स्पंज आणि रक्ताच्या कर्करोगावरचे औषध

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी इथल्या एखाद्या घरात कुणाला रक्ताचा कर्करोग निघाला, तर सलाईनमधून चढवल्या जाणाऱ्या सायटॅराबिन या औषधाची कथा समुद्राच्या तळाशी सुरू होते.

स्पंज हा प्राणी आहे. एका जागी चिकटून राहतो आणि पाणी गाळून पोट भरतो. त्याला पळता येत नाही, दात-नखे नाहीत. म्हणून अनेक जातींचे स्पंज विषारी रसायनांनी आपला बचाव करतात. १९५० च्या सुमारास वेर्नर बर्गमन या शास्त्रज्ञाला फ्लोरिडाजवळच्या एका स्पंजात वेगळीच द्रव्ये सापडली. त्यांच्या धर्तीवर १९५९ मध्ये प्रयोगशाळेत सायटॅराबिन तयार झाले आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

हे औषध पेशीला फसवते. झपाट्याने वाढणारी पेशी डीएनएची भिंत रचताना त्याला आपलीच वीट समजून बसवते. मग पुढची वीट नीट बसत नाही, बांधकाम थांबते आणि पेशी मरते.

स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगावरचे एरिब्युलिन हेही स्पंजाचीच देणगी. जपानी शास्त्रज्ञांना ६०० किलो स्पंजातून मूळ द्रव्य मिळाले अवघे १२.५ मिलिग्रॅम! त्यावरून प्रयोगशाळेत घडवलेल्या औषधाला २०१० मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही समुद्री जीवांतील अशा द्रव्यांवर संशोधन झाले आहे.

भगिनींनो, यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कुणी 'समुद्री स्पंजाची पूड' कर्करोगावर विकत असेल, तर घेऊ नका. औषध पुडीतून नव्हे, वर्षांच्या चाचण्यांतून आले आहे. दुसरी, सायटॅराबिनने निरोगी पांढऱ्या पेशीही घटतात. उपचार चालू असताना ताप आला, तर घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्री असली तरी रुग्णालय गाठा.

खर्चाच्या धास्तीने उपचार टाळू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. दुआही करा आणि दवाही वेळेवर घ्या.