यष्टींमागची सारा

आज आपण इंग्लंडच्या सारा टेलरबद्दल बोलणार आहोत. ती विकेटकीपर होती आणि फलंदाजही.

विकेटकीपरचं काम आधी समजून घेऊ. तीन दांड्यांमागे वाकून उभं राहायचं. पन्नास षटकांचा डाव म्हणजे 300 चेंडू, आणि प्रत्येक चेंडूवर नजर हवी. समोरची फलंदाज रेषेच्या जरा पुढे गेली की चेंडू पकडून डोळ्याची पापणी लवायच्या आत दांड्या उडवायच्या. झेल सुटला तर सगळ्यांना दिसतो, बाकीची मेहनत कुणी मोजत नाही. घर सांभाळणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको!

सारा 2006 साली, वयाच्या सतराव्या वर्षी इंग्लंडकडून खेळू लागली. 2009 साली तिच्या संघानं विश्वचषक जिंकला. एकदिवसीय सामन्यांत तिनं चार हजारांवर धावा केल्या, सात शतकं ठोकली. यष्टींमागे तर तिच्या तोडीची कुणी नाही, असं जाणकार म्हणायचे.

आणि 2016 साली तिनं खेळ थांबवला. हातपाय धडधाकट होते, पण तिला चिंतेचा आजार झाला होता. छातीत धडधड व्हायची, फलंदाजीला जाण्याआधी उलटी व्हायची. तिनं हे लपवलं नाही, जगाला सांगितलं. उपचार घेतले, समुपदेशन घेतलं. तिच्या क्रिकेट मंडळानंही तिला वेळ दिला.

सुमारे वर्षभरानं ती परतली. 2017 च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिनं 147 धावा केल्या. लॉर्ड्सवरचा अंतिम सामना आपल्या भारताशी होता. आपल्या मुंबईच्या पूनम राऊतनं 86 धावांची झुंज दिली, पण आपण अवघ्या 9 धावांनी हरलो. त्या सामन्यात साराच्या 45 धावा होत्या.

म्हणजे आजार कायमचा गेला का? नाही. त्रास पुन्हा झाला आणि 2019 साली तिशीतच ती निवृत्त झाली. पण ती घरी बसली नाही. 2021 साली इंग्लंडमधल्या ससेक्स संघानं तिला पुरुष खेळाडूंना विकेटकीपिंग शिकवायला नेमलं.

आता आपल्या गटाकडे वळू. एखादी ताई सलग तीन बैठकांना आली नाही की आपण वहीत गैरहजेरी मांडतो, दंड लावतो. कुणी म्हणतं, "नाटकं करते." कुणी म्हणतं, "बाहेरचं काही झालंय." पण झोप न लागणं, छाती धडधडणं, चारचौघांत जायची भीती वाटणं, हे दोन-तीन आठवडे चाललं तर तो आजार असू शकतो. ताप-मलेरियासारखाच त्यावर इलाज आहे. आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात दाखवा. सरकारची टेली-मानस ही फोनसेवाही आहे. नंबर लिहून घ्या: 14416. दिवसा-रात्री कधीही लावा, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

तेव्हा पुढच्या बैठकीत दंडाची पावती फाडण्याआधी दोघीजणी त्या ताईच्या घरी जाऊन या. "का आली नाहीस?" असं दरडावू नका. "बरी आहेस ना गं?" एवढंच विचारा, आणि ती बोलू लागली की ऐकून घ्या.