पट्ट्यांआडची गाडी: चाचणीचे वाहन कसे ओळखावे?

आज आपण वर्गातून थोडे रस्त्यावर येऊ. समजा, आपण बारामतीहून इंदापूरला निघालोय. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या आहेत. तेवढ्यात समोरून काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांनी मढवलेली एक मोटार येते. कंपनीचे नाव नाही, चिन्ह नाही. ही काय भानगड आहे? तर बाजारात यायच्या आधीची, चाचणी चालू असलेली ही गाडी.

आपल्या भागात ती दिसण्याला कारण आहे. पिंपरी-चाकणला वाहनांचे मोठे कारखाने आहेत. वाहनांची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात आहे. बारामतीच्या एमआयडीसीत तर पियाजिओचा कारखानाच आहे. ॲपे रिक्षा तिथल्या, आणि 2012 मध्ये भारतात पुन्हा आलेली व्हेस्पाही तिथलीच. पुणे-सोलापूर महामार्ग इंदापूरवरून जातो. थोडक्या अंतरात चौपदरी रस्ता, गावातले गतिरोधक, धूळ आणि एप्रिलचे ऊन, सगळे मिळते.

आता ते पट्टे. लपायचेच, तर इतके भडक कशाला? गंमत अशी की गाडी लपवायची नसतेच, तिचा आकार लपवायचा असतो. दार कुठे वळले, बॉनेटची कड कुठे संपली, हे डोळ्याला आणि कॅमेऱ्याला कळू नये म्हणून ही नक्षी. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकाराने जहाजांवर असेच पट्टे रंगवायची कल्पना मांडली होती. जहाज कुठल्या दिशेने चाललेय, याबद्दल पाणबुडीची फसगत व्हावी, हा हेतू. गाड्यांवर पट्ट्यांखाली कधी फोमही भरतात, म्हणजे खरा फुगवटा कळत नाही.

पण नुसते पट्टे बघून भागत नाही. कधीकधी नवे इंजिन जुन्याच गाडीच्या पोटात बसवतात. अशी गाडी अगदी साधी दिसते. मग बघायचे काय? नंबरपाटीवर ‘टीसी’ ही अक्षरे, म्हणजे ट्रेड सर्टिफिकेट. मात्र विक्रेत्यांच्या कोऱ्या गाड्यांवरही ती असतात, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नये. आत वायरींचे जाळे आहे का? माणसांऐवजी सीटवर वाळूची पोती आहेत का? मागे सायलेन्सरला नळी जोडलेली पेटी आहे का? असेल, तर धुराचे मोजमाप चालू आहे. एप्रिल 2023 पासून भारतात मोटारींचे हे मोजमाप प्रयोगशाळेबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावरही करावे लागते.

पिथमपूरला 11.3 किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग आहे. मग आपल्या रस्त्यावर कशाला? कारण तिथे उसाची बैलगाडी आडवी येत नाही, पालखीच्या दिवसांत पहिल्या गिअरवर तासभर सरकावे लागत नाही. गाडी ज्या खड्ड्यांत चालणार, तेच खड्डे तिला आधी दाखवावे लागतात.

आता शेवटचे, आणि खरे तर सगळ्यात महत्त्वाचे. अशी गाडी दिसली की आपली पोरं मोटारसायकल मागे लावतात. एका हातात हँडल, दुसऱ्यात मोबाईल. बघा, पुढच्या गाडीचे ब्रेकच कदाचित तपासले जात असतील. ती कधी वेग कमी करेल, याचा आपल्याला अंदाज नसतो. शिवाय आत कोण आहे? शिफ्टवर आलेला, ठरलेले किलोमीटर पुरे करायचे असलेला एक चालक. मागे लागलेल्या मोटारसायकलीकडे लक्ष द्यायचे की समोरच्या ट्रॅक्टरकडे? चूक आपली असली तरी जाब त्याला द्यावा लागतो, आणि हाड मोडले तर ते आपले किंवा त्याचे असते, गाडीचे नव्हे.

म्हणून आपण एक नियम ठरवू. चहाच्या टपरीवर उभे राहून बघा, पेटी बघा, पाटी वाचा, कशाची चाचणी असेल याचा तर्क करा. पाठलाग मात्र नको. झाकलेला आकार सहा महिन्यांनी शोरूमच्या काचेत दिसेलच. चाचणी कशी चालते, हे फक्त रस्त्यावरच दिसते.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.