बंदा घाट ते सचखंड: गाईडशिवाय नांदेड

नांदेडला आलेला पाहुणा बहुतेक वेळा काय करतो? स्टेशनवरून ऑटो, सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकला, की परत. माझं ऐका, पायी चला. आणि आधी गोदावरी, मग तख्त.

सुरुवात बंदा घाटावरून करा. इथं नदीकाठी माधोदास बैरागीचा मठ होता. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी त्याला भेटले, आणि तोच बंदासिंग बहादूर होऊन पंजाबात गेला. दोन वर्षांत त्यानं मोगलांचं सरहिंद घेतलं! एवढी मोठी गोष्ट आपल्या गोदाकाठी सुरू झाली, आणि आपण तिथं फक्त सेल्फी काढतो.

पावसाळ्यात मात्र निघण्याआधी आमच्या विष्णुपुरीचे दरवाजे उघडलेत का, ते बघा. धरण शहराच्या वरच्या अंगाला आहे. विसर्ग वाढला की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. मॅप रस्ता दाखवतो, पाण्याची पातळी नाही.

तिथून नगीना घाट करून सचखंडकडे वळा. गुरूजींचं निर्वाण त्याच वर्षी, ऑक्टोबर १७०८ मध्ये इथं झालं. आजची मूळ वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ मध्ये उभारली. तख्ताच्या स्नानासाठी रोज पहाटे गोदावरीचं पाणी गागरीतून आणतात. म्हणजे नदीकडून तख्ताकडे चालताना तुम्ही त्या पाण्याच्याच दिशेनं जाता.

चपला जोडाघरात ठेवा, डोकं झाका, आणि लंगरला बसा. पैसे लागत नाहीत.